खाचेतली कपची

रंग रेषेबाहेर गेला की मी मोरिसेसानांवर खेकसायचे, "डोळे तपासून घ्या. माझं कोरीवकाम चोख असतं."

आमच्या क्योटोच्या छापखान्यात लाकडी ठसे मी कोरते, छपाई ते करतात. ते म्हणायचे, "हो बाई, म्हातारा झालो." मग पुढच्या प्रती अगदी रेषेत यायच्या.

परवा ते आले नाहीत, म्हणून छापायला मी बसले. ठशाच्या कोपऱ्यात कागद टेकवायची खाच मीच कोरलेली. तिच्यात लाकडाची पातळ कपची चिकटवलेली दिसली. ती काढून छापलं, तर रंग रेषेबाहेर; परत बसवून छापलं, तर नेमका रेषेत. मग कपाटातले जुने ठसे पाहिले. बहुतेक खाचांत कपची होती.

आज ते आले. मला मान वर करवेना.

"डोळे तपासून आलो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, नजर उत्तम आहे. तरी यापुढे जपून छापीन."