सुमतीबाईंचा उजेड विझवणारी बरणी

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. ठाण्याच्या एका नाट्यमंडळाच्या माळ्यावर मला ठेवलंय, आणि हल्ली माझ्यात पडद्याच्या दोऱ्या कोंबतात. कोंबोत बापडे. पण मित्रांनो, मी कोण होते ते ऐका, म्हणजे माझ्याकडे बघून नाक मुरडणार नाही.

आधी मी सुमतीबाईंच्या घरी कैरीचं लोणचं मुरवत होते. बाई मंडळाच्या नाटकांत कामं करायच्या. १९५३ साली त्यांना आईचं काम मिळालं. शेवटी आई हळूहळू प्राण सोडते आणि तसाच उजेडही विझतो, असा प्रवेश होता. पण दिव्याला होतं एक साधं बटण. ते खटकन बंद झालं आणि लोक खो खो हसले. त्या दिवशी बाई घरी येऊन जेवल्यासुद्धा नाहीत. पुढच्या वर्षी तेच नाटक पुन्हा ठरलं, तेव्हा त्यांनी बजावलं, "यंदा हसले, तर मी पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही."

त्यांचा धाकटा दीर प्रभाकर शाळेत विज्ञान शिकवायचा. तो म्हणाला, "वहिनी, ही बरणी द्या. उजेड हळू विझवून दाखवतो."

"आणि लोणचं काय ओंजळीत धरू?" असं म्हणत बाईंनी मला रिकामी केली.

प्रभाकरने माझ्यात पाणी भरलं आणि चिमूटभर मीठ टाकलं. एक लोखंडी चकती तळाशी ठेवली, दुसरी दोरीने वर टांगली. दिव्याकडे जाणारी वीज आता या दोन चकत्यांमधल्या पाण्यातून जाऊ लागली. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बाहेरून येतो तेवढाच राहतो. वरची चकती उचलली की मधलं पाणी वाढतं, वाटेतली अडवणूक वाढते, प्रवाह घटतो आणि दिवा मंदावतो. चकती खाली सोडली की दिवा पुन्हा लख्ख. सगळ्या वाटेतली अडवणूक दुप्पट झाली, तर प्रवाह बरोबर निम्मा. पुस्तकात या अडवणुकीला रोध म्हणतात. हे काम माझं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

प्रयोगाच्या दिवशी मात्र घात झाला. पहिल्या अंकात संध्याकाळ व्हायची होती, ती काही केल्या होईना. चकती पाण्यात पार वर गेली तरी दिवा ढिम्म, मंदावायचं नावच घेईना.

"अण्णा, बरणीत कुणी काही टाकलं का?" प्रभाकरने नाटक बसवणाऱ्या अण्णांना विचारलं.

"मीच टाकलं. कळव्याच्या मिठागरातलं मीठ, चांगलं दोन मुठी. आळणी पाण्यात कसला जोर येणार रे?"

"अहो, मीठ वाढलं की पाणी अडवायचंच विसरतं. प्रवाह सुसाट सुटतो."

मध्यंतरात त्याने वीज बंद केली, खारं पाणी उपसलं, गोडं भरलं आणि पुन्हा चिमूटभरच मीठ टाकलं. सुमतीबाई बाजूला उभ्या होत्या. नुसता पदर पिळत होत्या.

शेवटचा प्रवेश आला. बाई खाटेवर निजल्या. चकती वर सरकू लागली आणि मी जीव तोडून अडवू लागले. आधी भिंत दिसेनाशी झाली, मग खाट, मग बाईंचा चेहरा. कोणी हसलं नाही. अंधारात कोणीतरी नाक ओढलं, एवढंच ऐकू आलं. प्रभाकर दोरी धरून तसाच उभा राहिला, तेव्हा मेलेल्या आईनेच कुजबुजून सांगितलं, "भाऊजी, उजेड."

त्यानंतरच्या टाळ्या मी अजून विसरले नाही.

पुढे उजेड कमीजास्त करणारी कारखान्यातली यंत्रं, म्हणजे डिमर, आली आणि मी माळ्यावर गेले. मित्रांनो, हा प्रयोग घरी करू नका, मिठाच्या पाण्यातली वीज जीव घेते. जुनी वस्तू टाकण्याआधी तिने काय केलं ते विचारा. आणि अडवणाऱ्याला सरसकट वैरी समजू नका. मी अडवलं, म्हणून तर एका बाईला मनासारखं मरता आलं.