अळीचा हिरवा नकाशा

पुण्याहून काही आलं की प्रेरणा ते आधी उलटंपालटं करून पाहायची. तिचा स्वभावच तसा, आणि नोकरीही अशी की त्या स्वभावाला खतपाणी मिळावं. चिखलीतल्या ज्या कंपनीत ती गावोगावच्या पिकांचे नकाशे आणि तक्ते तयार करायची, ती कंपनी शेतकऱ्याला सल्ला फुकट द्यायची आणि बियाणं विकत. बीटी कापसाला अळी लागत नाही, असं कधीकाळी पाकिटं विकणाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. आता गुलाबी बोंडअळी दरसाल माहेरवाशिणीसारखी हक्काने यायची, आणि ते सांगणारे कुठे दिसत नव्हते. मग प्रेरणाने संशय घेऊ नये तर काय करावं?

यंदा पुण्याच्या ऑफिसातून नवा रंगसंच आला. पाकिटं, पाट्या, मोबाइलवरचं अ‍ॅप, तक्ते, सगळीकडे तेच ठरलेले रंग वापरायचे. हिरव्याच्या फिकट ते गडद छटा, एक करडा, एक मातकट तपकिरी. लाल फक्त अ‍ॅपमध्ये, माहिती भरताना चूक झाली तर दाखवायला. नकाशात लाल चालणार नाही.

"मग बोंडअळीचा नकाशा हिरव्यात काढू?" तिने फोनवर मुग्धाला विचारलं. पुण्यात बसून हे रंग ठरवणारी ती मुग्धाच.

"हो. जिथे अळी जास्त, तिथे गडद. सोपं आहे," मुग्धा म्हणाली.

सोपं! प्रेरणाच्या मनात पाल चुकचुकली. ज्या गावात आपलं बियाणं विकलं, त्या गावावर लाल डाग दिसायला नको, म्हणून ही रंगरंगोटी. शेजारच्या टेबलावर बिलाल बसायचा. गावोगावच्या सापळ्यांत सापडलेले बोंडअळीचे पतंग मोजून आकडे आणायचं काम त्याचं. त्याला ती हळूच म्हणाली, "यात काहीतरी काळंबेरं हाय, बिलालभाई."

"असन. पण नकाशा आजच पाठवा लागते," बिलाल म्हणाला.

तिने नकाशा सांगितल्याप्रमाणे काढला, कोपऱ्यात बारीक अक्षरांत रंगांचा खुलासा टाकला, आणि पुण्याला रंगेहाथ पकडायच्या मागे लागली. मुग्धाचे जुने मेल चाळण्यात तिचे दिवस गेले. नकाशा तोवर ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लागला होता.

एका सकाळी धामणगाव बढ्याहून तिच्या मामांचा, गुलाबरावांचा फोन आला. वडील गेल्यावर तिला शिकवलं ते याच मामांनी. कृषी केंद्रवाला, हवामानाचा अंदाज, सख्खा भाऊ, कोणावरच न विसंबणारा माणूस. आज मात्र गडी खुशीत होता.

"पोरी, तुह्या नकाशात आपलं गाव सगळ्यात हिरवंगार! म्या फरदड ठेवून राह्यलो. पाणीबी सोडलं. माह्यं ऐकून सारं शिवार ठेवून राह्यलं."

फरदड म्हणजे वेचण्या आटोपल्यावरही कपाशीची उभी पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन तिच्यावर आणखी कापूस धरायचा. थोडाफार कापूस मिळतो खरा, पण अळीला राहायला घर मिळतं, आणि पुढच्या हंगामात ती साऱ्या शिवाराचा फडशा पाडते. पऱ्हाटी उपटा, एवढं सांगायलाच तर तो नकाशा होता.

"मामा, गडद हिरवं म्हंजे अळी जास्त. उपटून टाका सारं."

मामा म्हणाले, "आता काऊन बदलून राह्यली? कंपनीनं सांगितलं का तुले? रान मोकळं झालं की उन्हाळी मुगाचं बियाणं खपन तुमचं, असंच ना?" आणि फोन ठेवला.

प्रेरणाने सगळा राग मुग्धावर काढला. "लाल का लपवलात? बियाण्याची अब्रू झाकायला?"

मुग्धा आधी गोंधळली. "अगं, काही लोकांना लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही. माझ्या बाबांना दिसत नाही. म्हणून एकाच रंगाच्या छटा ठेवल्या. गडद हिरवं म्हणजे जोमदार पीक, हे मला कुठून कळणार? तुला ठाऊक होतं ना? मग बोलली का नाहीस?"

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तशी प्रेरणाची गत झाली होती.

दोघींनी मिळून तपकिरी निवडला. अळीने नासवलेला कवडी कापूस तसाच डागाळतो, ते गावात कोणाला समजवावं लागत नाही. मुग्धाने लगेच होकार दिला. नवा नकाशा घेऊन प्रेरणा स्वतः एसटीने गावाला गेली.

ग्रामपंचायतीपुढे माणसं जमली. माजी सरपंच हिंमतरावांनी दोन्ही नकाशे शेजारी धरले. "आकडे तेच म्हंते, अन् रंग दुसरा. तवा खोटं होतं का आता हाय?" लोक हसले आणि आपापल्या वावरात पाणी द्यायला निघून गेले.

मामा वावरात दाऱ्यावर, पाणी वळवत होते. प्रेरणाने एक बोंड तोडून फोडलं. आत अळी. दुसरं फोडलं. त्यातही अळी. "हे पाहा, मामा!"

त्यांनी बोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "दिसते मले. नकाशा लागाच्या आधीपासून दिसून राह्यली."

"मंग फरदड कायले ठेवली?"

गुलाबरावांनी हाताचा चिखल पुसला. "कंपनीचा कागद असता तं चुलीत घातला असता. तो तुह्या हातचा होता, पोरी. मले वाटलं, माह्याच डोळ्याले कमी दिसत असन."

प्रेरणाला रडू फुटलं. मामांनी पाणी बंद केलं आणि पहिली पऱ्हाटी उपटली. माती भिजलेली, झाड सहज हातात आलं. प्रेरणाही डोळे पुसून उपटू लागली.

"मामा, गावाले तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतीन."

"म्याच तं घरोघरी जाऊन ठेवा म्हणलो होतो," मामा म्हणाले. "आता कोण ऐकते?"

बांधापलीकडच्या वावरात पाणी चालूच होतं.