कापा फ्रीज, बरका फ्रीज

दर्शनाच्या पीएच.डी.चे दोन विषय तिचे मार्गदर्शक निलेशसर यांनी आधीच नाकारले होते. तिसराही गेला असता तर नोंदणीच रद्द. म्हणून रत्नागिरीच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवणारी ही बाई सासूला फ्रीज घ्यायला विनोदच्या दुकानात घेऊन आली आणि सरांनाही तिथेच बोलावून बसली. जुनी पिढी विश्वासावर खरेदी करते आणि नवी माहितीवर, असा तिचा सिद्धांत. सासू विश्वास दाखवील, दुकानात आलेली तरुण गिऱ्हाइकं माहिती दाखवतील, सर खूश होतील. गणित सोपं होतं, फक्त सासू म्हणजे कमळाबाई आहेत, हे त्यात धरलं नव्हतं.

कमळाबाईंची सगळी हयात फणसाच्या झाडांखाली गेलेली. त्या पहिल्याच फ्रीजपाशी गेल्या, दाराला कान लावला आणि बोटं मुडपून ठक ठक केलं.

"बरका," त्या म्हणाल्या.

बरका म्हणजे गिळगिळीत आणि कापा म्हणजे करकरीत, हे फणसाबद्दल शेंबडं पोरही सांगेल. फ्रीजबद्दल आजवर कुणी सांगितलं नव्हतं. विनोद गॅरंटी, हप्ते, वीजबचत असं धडाधड बोलत होता, तो एकदम थांबला. डॉक्टरने छातीला नळी लावली की घरचे उभे राहतात, तसा उभा राहिला.

"आई, फ्रीज ठोकून नाही बघत," दर्शना दबक्या आवाजात म्हणाली.

"गप ऱ्हा गो जरा. आयकू दे."

तेवढ्यात निलेशसर आले. वयाने दर्शनापेक्षा लहान, पण बोलायला लागले की तिचे आजोबा. रत्नागिरीच्या घामट उकाड्यात कोट-टाय घालून आलेल्या या माणसाने कमळाबाईंना फ्रीजला बिलगलेलं पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. "अद्भुत! यावर कुणी संशोधनच केलेलं नाही," असं म्हणत त्यांनी शेजारच्या फ्रीजला स्वतःचा कान लावला.

कोपऱ्यात एक तरुण जोडपं मोबाईलवर लोकांची मतं वाचत होतं. टायवाला माणूस कान लावतोय म्हणजे कंपनीचा इंजिनिअरच असणार, असं त्यांना वाटलं. मुलीने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि ठोकायला सुरुवात केली. बघता बघता सगळं दुकान ठोकू लागलं. "काकी, हा बरका लागतोय का बघा," अशी कुणी हाक मारी, आणि विनोद प्रत्येकाला विनवत फिरे, "ठोका, पण पोचे पाडू नका." कमळाबाईंनी एकाच फ्रीजला कापा म्हटलं, तर त्यावर जोडप्यासकट चौघं तुटून पडले.

दर्शनाचं तोंड एवढंसं झालं. नव्या पिढीने माहिती पर्समध्ये टाकून तिच्या सासूच्या कानावर भरवसा ठेवला होता. सिद्धांताचे बारा वाजले.

"मॅडम, हा विषय संपला," सर म्हणाले. "आता मी देतो तो घ्या. ग्राहकाचा कान आणि खरेदी. माहिती तुम्ही गोळा करा, पहिला लेख माझ्या नावाने करू." आणि ते जे सुरू झाले ते थांबेचनात. दर्शनाला रडू यायचं तेवढं बाकी होतं. ती सासूकडे वळली.

"आई, खरंच आवाजावरून कळतं?"

"छा! फ्रीजातलं मला काय कळतंय? तो विनोद सारखा बोलत व्हता. कान लावून ठोकलंस की समोरचा गप बसतो. मंग आपल्याला काय हवं, ता आपल्याला सुचतंय."

सरांचं मागे चालूच होतं. दर्शना समोरच्या फ्रीजपाशी गेली, दाराला कान लावला आणि ठक ठक केलं. सर अर्ध्या वाक्यात थांबले. फ्रीजमधून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते तिला फार बरं वाटलं.

"सर," ती कान न काढता म्हणाली, "बोलक्या दुकानदाराला गिऱ्हाईक गप्प कसं करतं, हा माझा विषय. लेख माझ्या नावाने."

सरांनी बोलायला तोंड उघडलं. दर्शनाने पुन्हा ठक ठक केलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"चालेल," सर हळूच म्हणाले.