मडमबाईंची रेकॉर्ड

राहुरीत जॅझ ऐकणारे किती, असं कुणी विचारलं तर शलमोन मास्तरांना एका हाताची बोटंही जास्त व्हायची. एक ते स्वतः, दुसऱ्या सुकन्या मॅडम, कृषी विद्यापीठात विजेची यंत्रं शिकवणाऱ्या, आणि तिसरा अंगद. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, सोनईहून मोटरसायकलवर यायचा. बाकीचे सगळे नुसते फोनमधले. 'सध्या काय ऐकताय' असं त्यांच्या ग्रुपचं नाव. दर आठवड्याला एकानं अल्बम सुचवायचा, सगळ्यांनी ऐकायचा, आणि मग त्यावर तुटून पडायचं. हे तिघं मात्र रविवारी दुपारी, मास्तर चर्चमधून आले की, त्यांच्या ओसरीवर समोरासमोर बसून भांडायचे.

त्या आठवड्याला पाळी अंगदची होती. त्यानं अमेरिकेतल्या कुठल्याशा क्लबात वाजवलेला एक जुना अल्बम पाठवला आणि खाली लिहिलं, 'तिसरी चीज ऐका. पाय जागेवर राहिले तर मला सांगा.'

मास्तरांनी शेवग्याखाली खाट टाकली, कानांत हेडफोन घातले. पहिल्या दोन चिजा बऱ्या होत्या. तिसरी सुरू झाली आणि मास्तर उठून बसले. चाल ओळखीची होती. पण कशी, तर बाजारात एखादा माणूस दिसावा, नाक-डोळे थेट आपल्या भावाचे, आणि चालणं मात्र भलत्याचंच. त्यांनी पुन्हा ऐकलं. मग घरात जाऊन क्लॅरिनेट काढली आणि फोनबरोबर वाजवून पाहिली. सूर जुळेनात. फोनवरचा बाजा चांगला वरच्या पट्टीत उड्या मारत होता, आणि मास्तर खाली चाचपडत होते.

मास्तरांच्या घरी एक रेकॉर्ड होती. त्यांचे वडील मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. तिथल्या डॉक्टर मडमबाई अमेरिकेला परत गेल्या, तेव्हा आपला रेकॉर्ड प्लेअर, त्याला लागणारा विजेचा जड ठोकळा आणि ती एकच रेकॉर्ड वडिलांना देऊन गेल्या. कव्हर वाळवीनं खाल्लं होतं, मधल्या कागदावरची अक्षरं कधीच पुसली होती. वाजवणारे कोण, हे मास्तरांना जन्मात कळलं नाही. पण त्यातल्या तिसऱ्या चिजेवर ते क्लॅरिनेट शिकले. संथ, जड, पावलं ओढत चालणारी चाल. मधे वाजवणारे क्षणभर थांबतात आणि मागून कुणीतरी हुंदका देतं. तो हुंदका ऐकूनच लहानपणी मास्तरांनी ठरवलं होतं की ही मातीला न्यायची चाल आहे. पुढे चर्चच्या बँडला त्यांनी ती शिकवली आणि मंडळीतलं वारलेलं प्रत्येक माणूस तिच्यावरच कबरस्तानात पोचलं. मास्तरांची बायको कृपा, तीसुद्धा.

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'अंगद, हा अल्बम बिघडलेला आहे. कुणीतरी वेग वाढवला आहे.'

अंगदचं उत्तर आलं, 'मास्तर, सगळीकडे असाच आहे.'

'सगळीकडे चूक आहे मग.'

एकानं हसरा चेहरा टाकला. मास्तरांना तो आवडला नाही.

रविवारी दोघं आले. मास्तरांनी प्लेअर ओसरीवर आणून ठेवला, फडकं काढलं आणि सुई टेकवली. चाल सुरू झाली. अंगद आधी हसत होता, मग पुढे सरकून ऐकू लागला. हुंदका आला, तसं मास्तरांनी बोट वर केलं.

"हे ऐकलंत? हे तुझ्या फोनमध्ये कुठंय?"

अंगदनं फोनवर तीच जागा काढली. वाजवणारे थांबले, आणि मागे एक बाई खळखळून हसली. मास्तरांनी मान हलवली. "ही दुसरी कुणीतरी आहे."

सुकन्या मॅडम मात्र तो जड ठोकळा उलटा करून बघत होत्या. त्यांनी प्लेअरही कलता करून मागची पत्र्याची पट्टी वाचली, आणि मग थोड्या अवघडून म्हणाल्या, "सर, हा प्लेअर अमेरिकेत वापरायचा आहे. तिथल्या विजेचा ठोका आपल्यापेक्षा जलद असतो, आपला सेकंदाला पन्नास तर तिथला साठ, आणि याची मोटर त्या ठोक्यावर फिरते. हा ठोकळा विजेचा दाब कमी करतो, पण ठोका बदलत नाही. म्हणून इथं ती सावकाश फिरते."

"म्हणजे?"

"म्हणजे रेकॉर्ड तीच आहे. आपल्याकडे आली आणि हळू झाली. आवाजही खाली उतरला."

"आणि तो हुंदका?"

मॅडमनी प्लेअर हळूच सरळ ठेवला. अंगद म्हणाला, "हसू सावकाश केलं की तसंच ऐकू येत असेल, मास्तर."

मास्तरांनी चहा टाकला, साखर घालायला विसरले, आणि तो तिघांनी तसाच प्यायला. जाताना मॅडम म्हणाल्या, "मोटर बरोबर फिरवायची सोय मी करून देऊ शकते. अवघड नाही."

"थांबा जरा," मास्तर म्हणाले.

त्यानंतर त्यांचं कशात लक्ष लागेना. कृपाच्या मातीला त्यांनी स्वतः क्लॅरिनेट वाजवली होती. डोळे मिटून, जीव ओतून. आणि ती होती नाचायची चीज. मग त्या दिवशी आपण काय वाजवलं? रडलो ते खरं, पण कशावर रडलो? कधी त्यांना वाटायचं, फसवणूक झाली. पण फसवलं कुणी, तर विजेनं. मग वाटायचं, फसवणूक कसली, आपण वाजवलं ते आपलं होतं. असा विचार करता करता डोळा लागायचा आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सगळ्यांत मोठा पेच स्टेला मावशींचा होता. त्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर. "माज्या येळंला कृपाची चाल वाजीव, इसरू नकोस," असं त्यांनी मास्तरांना बजावून ठेवलं होतं. अंधारात ठेवणं बरं नव्हे, म्हणून मास्तर फोन आणि क्लॅरिनेट घेऊन त्यांच्याकडे गेले. मावशी अंगणात लसूण सोलत होत्या. मास्तरांनी दोन्ही ऐकवलं, फोनवरचं आणि मग क्लॅरिनेटवर आपलं, आणि सगळी हकीकत सांगितली.

मावशींनी ऐकून घेतलं. "बाई का हासली आसंल?" त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. कुणीतरी काहीतरी बोललं असेल."

"चांगली हासतीय."

"मावशी, तुमच्या वेळेला कसं वाजवू ते सांगा. संथ की जलद?"

"मला काय इचारतो? मी थोडीच ऐकनार हाय. मागं ऱ्हातील त्यास्नी इचार." आणि त्यांनी लसणाची पाकळी सुपात टाकली.

मास्तरांची निम्मी आशा तिथंच मावळली. मोठ्या माणसाकडून निकाल मिळेल असं त्यांना वाटलं होतं.

मग शनिवारी संध्याकाळी त्यांनी बँडच्या लोकांना चर्चच्या आवारात बोलावलं. ढोल वाजवणारा सॅमसन फोनवरची चीज आणि सगळी हकीकत ऐकून गोंधळला. "मास्तर, म्हंजी आमी इतकी वर्सं चुकीचं वाजवीत हुतो?"

"चुकीचं नाही."

"मंग बरुबर?"

"तसंही नाही म्हणता येत."

"आसं कसं?" सॅमसन म्हणाला. "माज्या बापाला नेला तवा लोकं म्हनले, लई गंभीर वाजवलं. आता तेंना काय सांगू?"

ट्रंपेटवाल्याचं म्हणणं पडलं की खरी चाल कळली आहे तर खरीच वाजवावी. दुसरा म्हणाला, मयताच्या मागं लोक नाचायला लागले तर पाद्री बँड बंद करतील. बोलणं वाढत गेलं. अखेर मास्तर म्हणाले, "वाजवून बघू."

कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं. सॅमसननं विचारायचं सोडून ढोलावर काठी टाकली. निम्म्यांनी जुनी चाल धरली, निम्म्यांनी नवी, आणि थोड्या वेळानं सगळे ओढत-ढकलत कुठंतरी मधल्याच वेगाला आले. थांबायची जागा आली. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांपासून काढली. सगळे थांबले. त्या गप्प जागेत काय यायला पाहिजे, ते एकालाही कळेना. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली खडखडत गेली. मग सॅमसननं पुन्हा ठेका धरला आणि चीज कशीबशी शेवटाला पोचली.

फाटकाशी स्टेला मावशींची नात एंजेला उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, ही लग्नाची हाय का मातीची?"

"मला सांगता येत नाही गं," मास्तर म्हणाले. "तुला काय वाटलं?"

सॅमसन कपाळ पुसत म्हणाला, "मास्तर, आनखी एकदा घ्या. ह्या बारीला मला मधी जरा घाई झाली."

मास्तरांनी मान डोलावली आणि क्लॅरिनेट पुन्हा ओठांना लावली.