वेदीखालचं अंडं

धीर हा माणसाचा सर्वांत मोठा दागिना आहे आणि तो ज्याच्यापाशी आहे त्याला जगात काही कमी पडत नाही, असं आल्फ्रेड घोन्साल्विसचं पक्कं मत होतं. लिफ्टचं बटण पाचव्यांदा दाबता दाबताही तो ते बोलून दाखवायचा.

त्यात त्याचा दोष नव्हता. त्याला पगारच घाई करण्याचा होता. दोह्यातल्या एका कंपनीत तो एक्सपेडायटर होता. म्हणजे प्लांटसाठी मागवलेले पंप आणि व्हॉल्व्ह वेळेवर यावेत म्हणून कोरियाला, इटलीला, जिथे फोन लागेल तिथे फोन करून समोरचा जीव टेकीला येईपर्यंत त्याच्या मागे लागायचं. त्याच्या पाठपुराव्याने मिलानमधली एक बाई रडली होती, असं ऑफिसात कौतुकाने सांगितलं जाई. बायको आयरीन हॉस्पिटलच्या लेबर वॉर्डात सिस्टर. तिचं काम बरोबर उलटं. "घाई करणारे नवरे मी वॉर्डाबाहेर उभे करते," ती म्हणायची, "हा एकच तेवढा घरात ठेवलाय."

दोघं वसईचे. दोह्याच्या अल सद्द भागात फ्लॅट, लेक भारतात कॉलेजात, आणि आयरीनच्या शिफ्टमुळे आल्फ्रेडच्या संध्याकाळी रिकाम्या. गल्फ सोडून निघालेल्या एका साउथ आफ्रिकन सहकाऱ्याला त्या रिकाम्या संध्याकाळींची दया आली असावी. जाताना त्याने आपला कॉर्न स्नेक आल्फ्रेडच्या गळ्यात घातला, आणि तोही अक्षरशः. चार फुटी, नारिंगी, बिनविषारी मादी. स्वभावाने बँकेच्या काउंटरवरच्या बाईपेक्षा पुष्कळ मवाळ. आल्फ्रेड तिला मॅडम म्हणायचा. आयरीन जेवताना पाठ तिच्याकडे करून बसे, शेवटपर्यंत तिने मॅडमला हात लावला नाही. पण फ्रीजरमध्ये पापलेटांच्या शेजारचा कप्पा तिने गोठवलेल्या उंदरांना दिला. संसारात याहून मोठी तडजोड वसईत कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

साउथ आफ्रिकन एक गोष्ट सांगायला विसरला होता. त्याच्याकडे मॅडम एकटी नव्हती. ऑगस्टमध्ये तिने अंडी घातली, आणि त्या श्रमाने आठवड्याभरात ती गेली. त्या दिवशी आल्फ्रेड ऑफिसला गेला, पण कोरियाला एकही फोन केला नाही. कोरियाने दुपारी आपण होऊन फोन केला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

राहिली अंडी. ती कोंबडीच्या अंड्यांसारखी टणक नसतात, कातडी पाकिटासारखी मऊ असतात. ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात ठेवायची, उलटीपालटी करायची नाहीत, आणि ऊब बेताची हवी. दोह्यात हे बेताचंच कठीण. घरात एसीमुळे बारमाही डिसेंबर आणि गॅलरीत भट्टी. आल्फ्रेड थर्मामीटर हातात धरून घरभर हिंडला आणि योग्य ऊब त्याला एकाच ठिकाणी सापडली. हॉलच्या कोपऱ्यात घरची वेदी होती. वर मरियामातेचा पुतळा, पुतळ्याखाली दुधी काच, काचेखाली दिवसरात्र जळणारा बल्ब, आणि बल्बखाली मेणबत्त्यांचं छोटं कपाट.

"आल्फ्रेड, वर ती सापाच्या मानेवर पाय देऊन उभी आहे," आयरीन म्हणाली. पुतळ्यात ते स्पष्ट दिसतच होतं. "आणि खाली तू त्याची पोरं उबवणार?"

"वरून लक्ष राहील," आल्फ्रेड म्हणाला.

मेणबत्त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बरीचशी अंडी पिवळी पडली, बुरशी धरून बसली आणि टाकावी लागली. ऑक्टोबर उजाडला तेव्हा दोन उरली होती. त्यातल्या एकाला सुट्टीच्या दिवशी सकाळी बारीक चीर पडली आणि चिरेतून नाक बाहेर आलं. आल्फ्रेडने देवाचे आभार मानले आणि स्टूल ओढून बसला. नाक जागचं हललं नाही. चहा झाला, नाक तिथेच. पेपर झाला, नाक तिथेच. ज्याला फोन करून झापावं असं कोणी आत नव्हतं. शेवटी त्याने नखं कापायची कात्री घेतली, चीर वाढवली आणि पिल्लाला अलगद बाहेर काढलं. अलगदपणात काही उणं नव्हतं. पण पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी तशीच लोंबत होती.

आयरीन ड्यूटीवरून आली तेव्हा पिल्लाची हालचाल थांबली होती.

"ओढलंस?"

"अडकलं होतं गं."

"अडकलं नव्हतं. जेवत होतं." तिने पिशवीकडे बोट दाखवलं. "एवढं पोटात घेऊन मग निघालं असतं."

गॉजच्या तुकड्यात तिने ते गुंडाळलं आणि खालच्या मोगऱ्याच्या कुंडीत नेऊन पुरलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं आल्फ्रेडला रात्रभर वाटत राहिलं.

आता मॅडमचं म्हणून जगात एकच अंडं उरलं, आणि ते उघडायचं नाव घेईना. इंटरनेटवर विचारावं तर तिथे दोन पंथ. एक म्हणे, भाऊबंद निघूनही हे आत राहिलं तर कापा, नाहीतर आतच गुदमरेल. दुसरा म्हणे, कापाल तर मराल, म्हणजे ते मरेल. दोन्ही पंथ एकमेकांना अशा भाषेत समजावत होते की आल्फ्रेडला मिलानच्या बाईची आठवण झाली. मदत केली म्हणून एक गेलं होतं. न केल्यामुळे दुसरं जायचं म्हणजे मग माणसाने करावं काय?

"तू एकदा बघ ना," तो आयरीनला म्हणाला.

"दिवसभर तेच बघून येते. घरी तरी सोड."

मग एका सकाळी अंडं बसल्यासारखं झालं. वरून खोलगट, अंगावर घामासारखे थेंब. आणि नेमकी त्याच संध्याकाळी जपमाळ त्यांच्या घरी होती. दोह्यात तेव्हा चर्चची इमारत नव्हती. ऑक्टोबरभर जपमाळेची प्रार्थना वसईकरांच्या घरोघरी फिरे, आणि जोस्लीन आंटीने लावलेली पाळी बदलायची तर मृत्यूचा दाखला लागे. आल्फ्रेडने मनातल्या मनात त्याही पर्यायाचा विचार केला.

माणसं आली, हॉल भरला, सगळे वेदीसमोर गुडघे टेकून बसले. यजमान म्हणून आल्फ्रेड सर्वांत पुढे. कपाटाचं दार त्याच्या नाकासमोर, कात्री शर्टाच्या खिशात. आंटीने जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी पहिलं सुरू केलं. एरवी आल्फ्रेडचा 'नमो मरिये' आंटीच्या अर्धा मणी पुढे असायचा. आज त्याचा आवाज मागे पडत पडत बंदच झाला. तिसऱ्या रहस्याला त्याचा हात आपोआप दाराच्या मुठीकडे गेला. शेजारी बसलेल्या आयरीनने प्रार्थनेचा एक शब्द न चुकवता तो हात धरला, मांडीवर ठेवला आणि पाचवं रहस्य संपेपर्यंत सोडला नाही. आल्फ्रेडच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आज तुझी भक्ती बघितली बाबा," चहाच्या वेळी आंटी गहिवरून म्हणाली. "नाहीतर आमचे हे. दुसऱ्या रहस्याला घोरतात."

"माझं नाक चोंदतं," तिचे हे म्हणाले.

"खरंच आंटी, आज मन सगळं वेदीपाशीच होतं," आल्फ्रेड म्हणाला. हे वाक्य त्याच्या आयुष्यातल्या फार थोड्या निखळ खऱ्या वाक्यांपैकी एक होतं.

उकडलेल्या चण्यांचं पातेलं अर्धं रिकामं झालं आणि शेवटची चप्पल लिफ्टकडे गेली, तशी आयरीन वेदीपाशी येऊन म्हणाली, "सरक."

तिने कपाट उघडलं, गुडघ्यांवर बसली आणि अंड्याला टॉर्च टेकवला. आत गडद सावली दिसत होती. आयरीन बघत राहिली. आल्फ्रेडने तिला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वॉर्डात नवऱ्यांना आत घेत नाहीत. तिचा चेहरा अगदी स्वस्थ होता. घाई नव्हती आणि आळसही नव्हता. सावली थोडी सरकली. बऱ्याच वेळाने परत सरकली, पहिल्यापेक्षा कमी.

"दमलंय," ती म्हणाली.

आल्फ्रेडने खिशातली कात्री पुढे केली.

"ती नखांची ठेव तुझ्याकडे." तिने ड्यूटीच्या पर्समधून हातमोजे आणि बारीक टोकाची कात्री काढली.

"कापायचं?"

"दार उघडून द्यायचं. ओढायचं नाही. आणि श्वास घे, तू फेंट होशील."

कात्रीचं टोक तिने अंड्याच्या माथ्यावर असं ठेवलं, की आल्फ्रेडला ते टेकलंय की नाही कळेना. मग नखाएवढी खिडकी पडली. आत पातळ पाणी होतं, त्याखाली लाल धाग्यांसारख्या शिरा आणि एक नारिंगी वळण. ते वळण हललं. इथे आल्फ्रेडने बोट घातलं असतं, तुम्हीआम्हीही घातलं असतं. आयरीनचे हात जिथे होते तिथेच थांबले. कात्री चालवणारे हात आल्फ्रेडने पुष्कळ पाहिले होते. थांबलेले हात इतके देखणे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने ओल्या गॉजचा तुकडा खिडकीवर टाकला आणि दार लावलं.

"आता?"

"आता चणे खा. उरलेत."

दुसऱ्या दिवशी दोघंही कामावर असताना पिल्लू निघालं. आल्फ्रेड घरी आला तेव्हा ते कोकोपीटवर वेटोळं करून बसलं होतं. पेन्सिलीएवढं, ओलसर, पोट साफ मिटलेलं. आयरीनने आल्या आल्या, पर्सही न उतरवता, एक बोट पुढे केलं. पिल्लाने त्याला जिभेने चाचपलं आणि ती पहिल्यांदाच त्या जातीकडे बघून हसली.

त्यानंतर आठवडाभर आल्फ्रेडने ती खिडकी ज्याला त्याला ऐकवली. ऑफिसात सांगितली, नजमा भागातल्या कॅफेटेरियात सांगितली. वेदी वगळून जोस्लीन आंटीलाही सांगितली. मिलानच्या बाईला सांगितली, आणि पंप कधी येणार हे विचारायचं राहून गेलं. कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं हे जिला कळतं अशा बाईशी आपलं लग्न झालं, यात आपली स्वतःची हुशारी काही नाही, असंही तो म्हणे, आणि ते पटकन सगळ्यांना पटे.

शुक्रवारी तो अंड्यांचा खोका धुवायला बसला. आठवण म्हणून ठेवावं या विचाराने त्याने रिकामं कवच उचललं. आयरीनने पाडलेली खिडकी वाळून, गॉजसकट, घट्ट चिकटून बंद झाली होती. पिल्लू मागच्या बाजूने, स्वतःच पाडलेल्या चिरेतून बाहेर गेलं होतं.