बोटभर बाहेर

काज्याच्या पत्राचं उत्तर एका ओळीत झालं असतं. त्याने स्वतःच तसं लिहिलं होतं. "किड्या, हो म्हण नाहीतर नाही म्हण. फक्त नेहमीसारखा विचार करत बसू नकोस." पत्र मिळालं त्या दिवशी किडा विचार करायला बसला, तो बसलाच. हिवाळा सरला, दुकानातल्या पंख्याची पाती पुसून तो पुन्हा सुरू झाला, तरी उत्तराचं घोंगडं भिजतच पडलं होतं.

काज्या म्हणजे त्याच शिवणाच्या दुकानात कोटाची काजं करणारा त्याचा जुना सोबती. दोघं एका बाकावर बसून शिवण शिकले. दुपारच्या सुट्टीत काज्या रस्त्यावर उंडारायला जायचा आणि हा वाचनालयातलं पुस्तक उघडून कोपऱ्यात बसायचा, म्हणून काज्याने त्याला किडा केलं आणि याने त्याला काज्या. मग एक दिवस काज्या समुद्र ओलांडून कुठल्या कुठे निघून गेला. ज्याने जन्मात एक प्रवासवर्णन वाचलं नव्हतं तो तिकडे, आणि ज्याने कपाटभर वाचली होती तो इकडे, अशी वाटणी झाली. पत्रात लिहिलं होतं की तो नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात लागला आहे, मालकीणबाईंना आणखी एक हात हवा आहे, आणि खोलीतली अर्धी जागा रिकामी आहे. खाली त्याने आपल्या थाटात भर घातली होती: "इथे राजाचे झगे शिवायचे. आणि राजा कितीही मोठा असला तरी ट्रायलला कटकट करत नाही."

किड्याला जायचं होतं. पत्र वाचल्यापासून तो मनातल्या मनात कितीदा तरी बोटीवर चढला होता. अडचण एकच होती, ती म्हणजे अप्पा.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, आणि साऱ्या गल्लीचे मास्तर. कोट शिवावा तर मास्तरांनी, असं म्हणणाऱ्या लोकांच्या दोन पिढ्या त्या दुकानाच्या पायऱ्या चढल्या होत्या. अप्पांचं सगळं कसब त्यांच्या खडूत होतं. माणूस समोर उभा राहिला की टेप नुसती नावाला लावायची, आणि मग कापडावर जी रेघ ओढायची ती एका दमात. पण आई गेल्यानंतरच्या वर्षी ती रेघ हलायला लागली. आधी खांद्याच्या वळणावर, मग सरळ पाठीवरही. खडू कापडावर टेकताना बोटं थरथरत. अप्पांनी जड कात्री मुलाच्या हाती दिली आणि एवढंच सांगितलं, "आजपासून आखणार मी, कापणार तू."

तेव्हापासून एक गोष्ट सुरू झाली. सकाळी अप्पा कापड आखायचे आणि जेवण झालं की मागच्या बाकड्यावर आडवे व्हायचे. त्यांचं घोरणं सुरू झालं की किडा ब्रश घेऊन त्यांची रेघ झटकायचा, पट्टी लावून नवी आखायचा आणि मग कापायचा. कापड कमी पडलं तर ब्रह्मदेव आला तरी ते वाढवू शकत नाही, हा धंद्याचा पहिला धडा. म्हणून हलत्या हाताच्या रेघेचं सगळ्यात बाहेरचं टोक धरून तो आपली रेघ बोटभर बाहेरून न्यायचा. अप्पा उठेपर्यंत तुकडे कापून, गुंडाळून ठेवलेले असत.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं नव्हतंच. आपण गेलो तर महिन्याभरात अप्पांची अब्रू चव्हाट्यावर येईल, हे त्याच्या मनाने पक्कं धरलं होतं. कधी कधी या विचाराचा त्याला त्रास व्हायचा आणि बऱ्याचदा, खरं सांगायचं तर, त्याची ऊब वाटायची.

ताईला पत्राची गोष्ट ठाऊक होती. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रविवारी भावाची हजेरी घ्यायला यायची. आधी ती जाऊ नकोस म्हणत होती. तिकडे कोण आपलं, आजारी पडलास तर पाणी कोण देईल, वगैरे. पण भाऊ ना धड हो म्हणे ना धड नाही, हे बघून तिचा धीर सुटला. मार्चमधल्या एका रविवारी ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "हे तळ्यात मळ्यात पुरे झालं. जायचंय तर जा. मी आहे अप्पांकडे बघायला."

तो म्हणाला की दुकानाचं काय.

"दुकानाचं काय व्हायचंय? तू जन्मला नव्हतास तेव्हाही ते चालत होतं. अप्पांचं तुझ्यावाचून काही अडत नाही रे, उगीच स्वतःला खांब समजू नकोस."

ताई सहज बोलून गेली आणि ओले हात पदराला पुसून घरी गेली. किड्याच्या मात्र ते वर्मी बसलं. तो घासभर जेवला आणि उठला. इतके महिने आपण गुपचूप कोणाची लाज राखली, आणि वर हे ऐकायचं. त्याला वाटलं, एकदा कळायलाच हवं. सगळ्यांना.

दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेबांचा कोट आखायला होता. वकीलसाहेब अप्पांच्या बरोबरीचे. पहिला कोट त्यांनी इथेच शिवून घेतला होता आणि आता न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्याचाही कोट मास्तरांच्याच हातचा हवा, म्हणून स्वतः उंची काळं कापड घेऊन आले होते. अप्पांनी सकाळभर त्यावर वेळ घालवला. काळ्या कापडावर पांढरा खडू, त्यामुळे थरथर आणखीच उघडी दिसत होती. जेवण झालं. अप्पा आडवे झाले. किड्याने ब्रश उचलला, मग खाली ठेवला.

त्याने ती रेघ जशीच्या तशी कापली. इतक्या इमानाने त्याने आजवर कुठलीच रेघ कापली नव्हती.

ट्रायलच्या दिवशी वकीलसाहेब खुशीत होते. त्यांनी कच्च्या शिलाईचा कोट अंगात घातला, हात पुढे केले, आणि ते तिथेच अडकले. मुंढा काखेत रुतला होता. पुढचे दोन पल्ले ओढून ओढून जवळ आणले तरी भेटेनात. अप्पांनी एका बाजूची शिवण उसवली, आत सोडलेली जादा कापडाची माया सगळी मोकळी केली, तरीही भेटेनात. आरशासमोर उभे राहून वकीलसाहेब सवयीने थट्टा करायला गेले. "मास्तर, मी फुगलो की तुमची टेप आटली?" पण अप्पांचा चेहरा बघून त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. कोट काढून त्यांनी घडी घालून टेबलावर ठेवला, अगदी हळू, आजाऱ्याला निजवतात तसा. घाई नाही, सवडीने बघा, म्हणाले आणि गेले. पायऱ्या उतरताना मात्र त्यांनी एकदा वळून दुकानाच्या पाटीकडे पाहिलं.

अप्पा कोट पुढ्यात ओढून मुंढ्यावर पुन्हा टेप लावू लागले. दुकानात दोघंच होते. किड्याने हा क्षण मनात अनेकदा रंगवला होता, फक्त त्यात त्याचा स्वतःचा आवाज इतका चिरका नव्हता.

"अप्पा, तुमची रेघ चुकते. दीड वर्ष चुकतेय. मी रोज दुपारी पुसून नवी आखतो. या वेळी नाही आखली."

अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं.

"कुठून न्यायचास? बाहेरून?"

"बोटभर बाहेरून."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

अप्पांनी मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. मग ते बोलले ते कोटाकडे बघत. हात हलतो हे त्यांना मुलाच्या आधी कळलं होतं. हलला तर हलला, शिवणीत माया असते, ट्रायलला टाचण्या असतात, तेवढं सांभाळून घेता येतं असा त्यांचा अंदाज होता. पण ट्रायलला एकामागून एक कोट ढगळ निघायला लागले. त्यांना वाटलं, आपला हात नुसता हलत नाही, तो बाहेरच पडतोय. म्हणून त्यांनी रेघ जाणूनबुजून आत घ्यायला सुरुवात केली. रोज थोडी थोडी. कोट अंगाला बसायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, चला, हात काबूत आला.

"मी बोटभर आत घेत होतो," अप्पा म्हणाले. "नकळत, तुझ्या बोटासाठी."

किडा पुटपुटला की त्याने हे अप्पांसाठीच केलं होतं, अप्पांसाठीच तो इथे राहिला, काज्याला उत्तर दिलं नाही.

तेव्हा अप्पांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "या वेळची रेघ का नाही पुसलीस?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"माझे हात हलतात," अप्पा म्हणाले. "तुझे पाय हलत नाहीत. त्याला माझे हात का पुढे करतोस?"

त्यानंतर अप्पा तापले नाहीत की कडू बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पदरचं कापड आणून वकीलसाहेबांचा कोट पुन्हा आखला, त्यांच्या हलत्या रेघेने, आणि कात्री स्वतःच्या हातात घेतली. वेळ लागला, मधे दोनदा थांबावं लागलं. ट्रायलला दोन टाचण्या लावल्या, बस. कोट बसला. वकीलसाहेब हात वर करून, खाली करून, पाठमोरे होऊन बघत राहिले.

मग घरातले सगळे दरवाजे एकदम उघडले. अप्पा म्हणाले, जायचं तर जा, मी अडवत नाही. ताईने तर कपाटावरची जुनी बॅग काढून तिची चेन दुरुस्त करून आणली. शेजारचे औषधवाले काका, ज्यांचा या कशाशी संबंध नव्हता, तेही म्हणाले की तरुणपणी माणसाने जग बघावं.

किडा कपाटातले कपडे काढून बॅगेजवळ बसला. कोणते न्यायचे ते ठरवू लागला. आजवर मनातल्या बोटीवर चढताना दर वेळी कोणी ना कोणी त्याचा सदरा मागून ओढून धरलेला असायचा. आता मागे वळून बघितलं तर कोणी नव्हतं. समोर ती खोली होती, काज्याचं घोरणं होतं, परकी भाषा होती, मालकीणबाई होत्या आणि त्यांच्यासमोर खडू हातात घेऊन उभा असलेला तो होता, ज्याच्या हातचा कोट चुकला तर सांगायला दुसऱ्याचा हात नव्हता. पुस्तकात समुद्र ओलांडायला एक पान पुरतं. बॅग रिकामीच बंद करून त्याने पुन्हा कपाटावर ठेवली. ताईने काही विचारलं नाही. तिच्या न विचारण्यात जे होतं ते तिच्या कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त बोचलं.

दुकानात तो आता बाह्या शिवायचा, अस्तर लावायचा. दुपारी अप्पा झोपले की त्याला काही काम नसायचं. पुस्तक उघडायचा, पण पान उलटायचं राहून जायचं. अशाच एका दुपारी त्याने पोस्टातून कार्डं आणली.

"प्रिय काज्या," त्याने लिहिलं, "उशिराबद्दल माफ कर. वडिलांची तब्येत" आणि तिथे थांबला. शब्द किती सवयीने आले होते. हे वाक्य पुरं केलं असतं तर काज्याने विश्वास ठेवला असता, दोन शब्द सहानुभूतीचे लिहिले असते, आणि या खोट्यावर उरलेला जन्म सुखाने निघाला असता. मागे अप्पा घोरत होते, पोट वर-खाली होत होतं, तब्येत ठणठणीत होती.

त्याने ते कार्ड फाडलं आणि दुसरं घेतलं.

"काज्या, मी येत नाही. जागा अजून रिकामी असली तरी येत नाही. घरचं कोणी अडवलेलं नाही. मला भीती वाटते. कोणी विचारलं तर हेच सांग, दुसरं कारण सांगू नकोस. किडा."

वाचून बघितलं तर ते इतकं लहान होतं की पत्र आलं त्याच दिवशी लिहिता आलं असतं.

चौकातल्या पेटीपाशी एक बाई पाकिटांचा गठ्ठा एकेक करून टाकत होती. तो तिच्या मागे उभा राहिला. तिला घाई नव्हती, आणि पहिल्यांदाच त्याला परत फिरायला सबब नको होती. ती बाजूला झाली. त्याने कार्ड फटीत धरलं, क्षणभर बोटांत तसंच ठेवलं, आणि सोडून दिलं.