शेवटच्या गाण्याचा मान

आमच्या डेल्टात, नदीकाठच्या या कापसाच्या मुलखात, ब्लूज गाणारा म्हातारा झाल्याशिवाय त्याला कुणी विचारत नाही. तरुणपणी ज्यांनी आम्हाला दारात उभं केलं नाही, त्यांचीच पोरं आता कॅमेरे घेऊन येतात आणि आमच्या सुरकुत्यांवर जीव टाकतात. म्हणून गावच्या जलशात शेवटचं गाणं सर्वांत वयस्क कलावंताचं, असा नियम झाला. आवाज कसाही असो, दात पडलेले हवेत.

यंदा त्या मानासाठी दोघं हटून बसले, हॉसी ग्रँडबेरी आणि ल्यूशस टार्व्हर. बायका वय चोरतात म्हणे. हे दोघं वय वाढवत सुटले. ल्यूशस पंच्याऐंशीचा झाला की हॉसी शहाऐंशीचा. मग ल्यूशस काठी टेकत चालायला लागला. दोघंही शेतावर, सुइणीच्या हातून जन्मलेले, दाखला कुणाकडेच नाही. मी जन्मभर दोघांच्या मागे ड्रम वाजवतोय. दोघंही ऐंशीच्या आत आहेत हे मला पक्कं ठाऊक, पण ड्रमवाल्याला कोण विचारतो?

हॉसीची तगमग मात्र खरी होती. जलशात चित्रण फक्त शेवटच्या गाण्याचं होतं आणि त्याची एकही तबकडी कधी निघाली नाही. तो गेला की त्याचं गाणंही गेलं.

जलशाच्या दुपारी व्यवस्थापक बाईंनी दोघांना मंचावरच पुरावा विचारला. ल्यूशसनं काठी वर केली. हॉसीनं पहिल्या रांगेत तळलेला मासा खात बसलेल्या थोरल्या बहिणीकडे बोट दाखवलं. पर्लीनला भावाचं गाणं सैतानाचं वाटतं. ती माशासाठी आली होती. वय ब्याऐंशी, पण चर्चमधल्या बायकांसाठी ती कित्येक वर्षं बहात्तरचीच होती.

"ताई, सांग यांना," हॉसी म्हणाला. "मी अठ्ठ्याऐंशीचा आहे ना?"

तिच्यासारख्याच माशासाठी आलेल्या चर्चमधल्या बायकांच्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. आता ही भावालाच ओळख देणार नाही, असं मला वाटलं. पर्लीननं बोटं पुसली.

"खरंय त्याचं. मी एक्याण्णवची. याचं ढुंगण मी धुतलंय."

भावासाठी बाई भर सभेत खोटं बोलली, तेही स्वतःच्या वयाबद्दल. मी तर डोक्यावरची टोपी काढली. व्यवस्थापक बाईंचे डोळे मात्र चमकले.

"एक्याण्णव! आजी, तुम्ही गाता?"

"चर्चमध्ये. देवासाठी."

नियम म्हणजे नियम. पर्लीनला धरून मंचावर आणलं, कॅमेरे सुरू झाले आणि तिनं भजन उचललं. आवाज खणखणीत होता, काय सांगू. ल्यूशस आणि हॉसी मागे साथीला. दुसऱ्या कडव्यानंतर हॉसीनं गिटारवर स्वतःची एक जागा घेतली. पर्लीननं वळूनही पाहिलं नाही.

"हॉसी, मोठी माणसं गाताना मध्ये लुडबुडू नये."

लोक खो खो हसले. हॉसीनं तारांवरून बोटं उचलली. चित्रण छान आलंय. त्यात हॉसीचं डावं कोपर दिसतं.